पीसी विकायलाव खरं, पण आतल्या सॉफ्टवेअरचा सातबारा कुणाच्या नावावर?

(पत्र उदगीर भागातून आलंय, चांगलं चार पानी आहे. ओळख पटेल असं सगळं काढून मुद्द्याचं तेवढं देतो.)

"मी तेरा वर्षं डीटीपी आणि व्यापाऱ्यांचे हिशेब लिहायचं काम करतो. आता डीटीपी बंदच करावं म्हणतो. हिशेबासाठी नवीन लॅपटॉप घेतला म्हणून २०१९ ला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप विकायला काढला. साडूचा मुलगा तहसीलसमोर दुकान टाकतोय, तो म्हणला काका मलाच द्या, सगळ्या सॉफ्टवेअरसकट २६ हजार देतो, नुसतं मशीन असलं तर १७. मी हो म्हणलो, ५ हजार इसार पण घेतला. आता निवांत बसून बघतो तर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) माझ्या ईमेलवर, ऑफिस २०१९ माझ्या खात्यावर, श्रीलिपीचं (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) मशीनला मागून लावायचं लॉक एकच, विंडोज दुकानदारानं ९०० रुपयांत ओरिजिनल म्हणून टाकून दिलेलं, आणि कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, सगळ्यांकडं असतं तसलं. एक मित्र म्हणतो पासवर्डसकट देऊन टाक, कोण बघतंय. दुसरा म्हणतो सगळं उडव आणि १७ घे. पैसे तर मी मोजलेत, पावत्या आहेत, मग माझीच वस्तू मला का विकता येऊ नये? आणि नाही दिलं तर साडूकडं तोंड कसं दाखवू?"

भाऊ, तुमच्या अख्ख्या पत्रात टॅली चार वेळा आलीय आणि साडू सात वेळा, त्यावरनं दुखणं कुठंय ते कळलं. साडूकडं शेवटी येतो, कारण आधीचा गुंता सुटला की ते प्रकरण अर्ध्या कप चहात मिटण्यासारखं आहे.

आधी तुमचं ते वाक्य घेऊ, पैसे मी मोजले मग वस्तू माझी. हे समजवायला मला लांब जायची गरज नाही, तुमच्या गावातले चार सातबारे काढा, एकावर तरी भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं सापडेल. आपल्या मराठवाड्यात इनामी जमिनींमुळं असे सातबारे लई आहेत. ती जमीन माणूस पिढ्यानपिढ्या कसतो, सोयाबीन त्याचं, बांधावरून भांडणं त्याची, पण विकायची म्हणलं की परवानगीचा कागद लागतो. सॉफ्टवेअर जवळजवळ सगळं वर्ग २ आहे. आपण डबा घेतला, पावती घेतली, पण इन्स्टॉल करताना जे लांबलचक इंग्रजी न वाचता आपण 'आय ॲग्री' दाबलं ना, त्यात लिहिलेलं असतं की हे तुम्हाला वापरायला दिलंय, अमुक अटींवर. कुणाच्या अटीत पुढं द्यायची मुभा असते, कुणाच्या नसते, आणि मुभा असली तरी फेरफार करायची रीत ठरलेली असते.

आता तुम्ही म्हणाल हा कंपन्यांचा कावा आहे, तर तसं म्हणणारे तुम्ही एकटे नाहीत, मोठमोठ्या कोर्टांचं पण ह्यावर एकमत नाही. अमेरिकेत एक माणूस ऑटोकॅडच्या जुन्या सीडी ऑनलाइन विकत होता, २०१० ला तिथल्या अपील कोर्टानं निकाल त्याच्या विरोधात दिला, म्हणलं हे लायसन आहे, विक्री नाहीच. दोनच वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, युरोपच्या कोर्टानं ओरॅकलच्या प्रकरणात उलटं सांगितलं, की एकदाच पैसे घेऊन कायमचं लायसन दिलं म्हणजे ते विकलंच, घेणारा पुढं विकू शकतो. आपल्या सुप्रीम कोर्टानं २ मार्च २०२१ ला असं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे माल घेण्यासारखं आहे असं म्हणलं, पण तो वाद इन्कम टॅक्सचा होता, त्याच्या जोरावर टॅली विकायला निघू नका. मला ह्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. विकणाऱ्याच्या बाजूनं बोलणाऱ्या युरोपच्या कोर्टानं पण एक अट घातलीच, की विकणाऱ्यानं स्वतःकडची कॉपी बंद केली पाहिजे. म्हणजे तिकडं पण देतो आणि इकडं पण ठेवतो हे कुठल्याच कोर्टात चालत नाही, आणि भाऊ, तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही हळूच तेच विचारलंय, टॅली दोन्हीकडं चालेल का म्हणून.

तर "सगळं सॉफ्टवेअर" हा शब्दच आधी मोडून टाका. प्रत्येकाला एकच विचारायचं, तू कुणाला बांधलेलायस? मशीनला, माणसाच्या खात्याला, का एखाद्या वस्तूला? तुमच्याकडं तिन्ही प्रकार आहेत, आणि चौथा पण आहे जो कुणालाच बांधलेला नाही, तो चोरीचा.

विंडोजपासून सुरू करतो. फोनवर सांगतो तसं सांगतो. विंडोजचं बटण धरून आर दाबा, छोटी खिडकी उघडेल, त्यात एस-एल-एम-जी-आर टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (/) आणि लगेच डी-एल-आय, एंटर. दोन-चार सेकंदांत एक पाटी येते, तिच्यात 'चॅनल' ह्या शब्दाच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. ओईएम (मशीनबरोबरच द्यायचं) असेल तर ते लायसन त्या मदरबोर्डाला बांधलेलं आहे, मशीनबरोबर गेलं, तुम्ही काढून लॅपटॉपवर नेऊ शकत नाही आणि न्यायची गरज पण नाही, लॅपटॉपचं त्याचं त्याला असणारच. रिटेल (सुटं विकत घेतलेलं) असेल तर मशीनबरोबर खुशाल देता येतं. पण व्हॉल्यूम असं दिसलं तर समजा की ती 'की', म्हणजे ॲक्टिव्हेशनचा नंबर, कुठल्यातरी कंपनीला नाहीतर कॉलेजला दिलेली होती आणि फुटून बाजारात आली, ९०० रुपयांत दुसरं काय येणार. ती उद्या कंपनीनं बंद केली की पोराच्या स्क्रीनवर कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा म्हणून पाणचिन्ह येईल आणि तो पहिला फोन तुम्हाला करेल. अशा वेळी सरळ सांगा की विंडोज तुझं तू घे, भाव त्या हिशेबानं कमी कर.

अजून एक, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तुमचा आय-फाइव्ह नवव्या पिढीचा लिहिलाय, म्हणजे विंडोज ११ चालायला हरकत नाही, त्याला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. असेंबल मशीनमध्ये हे टीपीएम बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं, पीटीटी नावानं सापडेल, चालू करा. दहाचं लायसन खरं असेल तर अकरा फुकट चढतं. हे करून दिलंत तर १७ हजाराच्या मशीनला खरंच चार पैसे जास्त मागायला तोंड राहील.

ऑफिस लवकर उरकतो. ऑफिस २०१९ चा सपोर्ट पण त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रिटेल घेतलेलं असेल तर कागदावर पहिल्या मालकाला ते दुसऱ्याला देता येतं, पण प्रत्यक्षात ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला चिकटलेलं आहे, आणि खातं देणं म्हणजे तुमचं मेल, वनड्राइव्ह, त्यातले तेरा वर्षांचे फोटो, सगळं देणं. पोराला लिब्रेऑफिस टाकून द्या, फुकट आहे, मराठी नीट चालतं. (आणि तुमचं होम अँड स्टुडंट असेल तर दुकानात वापरायचं ते नव्हतंच, पण आता ते उकरून काढत नाही.)

टॅलीचं मात्र निवांत वाचा, कारण इथं चूक झाली की तुमचंच काम थांबतं. टॅलीचा सीरियल नंबर तुमच्या ईमेलवर आहे, लायसन सिल्व्हर, म्हणजे एका मशीनचं. ती विकायची नाही, हलवायची आहे. जुन्या मशीनवर नेट चालू ठेवून एफ-वन दाबा, सेटिंग्ज, त्यात लायसन, त्यात सरेंडर. ईमेल आणि पासवर्ड मागेल. सरेंडर झालं म्हणजे लायसन मोकळं झालं, मग लॅपटॉपवर तोच सीरियल नंबर टाकून ॲक्टिवेट करायचं. क्रम महत्त्वाचा: आधी डेटाचा बॅकअप, मग सरेंडर, मग लॅपटॉपवर ॲक्टिव्हेशन, तिथं बॅकअप रिस्टोअर करून दोन-तीन पार्ट्यांचे लेजर उघडून बघायचे, आणि हे सगळं झाल्यावर जुन्याला हात लावायचा. मी परभणीत दुरुस्तीचं दुकान चालवत होतो तेव्हा एका अडत व्यापाऱ्याचं मशीन घाईघाईत आधी फॉरमॅट मारलं आणि मग सरेंडर आठवलं. अख्खा दिवस फोन कानाला लावून बसलो, मालक समोर खुर्ची टाकून बसलेले, दोन्ही जेवणं हुकली, त्यांचं पण आणि माझं पण. चूक सगळी माझीच होती, बिल मागायची हिंमत झाली नाही.

पासवर्डसकट देऊन टाक म्हणणाऱ्या मित्राला हे ऐकवा. तो पासवर्ड म्हणजे टॅलीचं लायसन तर आहेच, पण उद्या पोरानं, किंवा पोराकडं कामाला ठेवलेल्या अजून एका पोरानं, दुसऱ्याच मशीनवर ॲक्टिवेट केलं तर ऐन जीएसटी भरायच्या तारखेला टॅली तुमच्याकडं बंद पडेल. आणि त्या पोराला टॅली कशाला लागते हो? तहसीलसमोर बसून तो ॲफिडेव्हिट टाइप करणार, फॉर्म भरणार, झेरॉक्स-स्कॅन करणार. त्याला कुणीतरी सांगितलंय की टॅली असलेलं मशीन भारी असतं, तेवढंच. उद्या हिशेबाचं काम आलंच तर त्यानं स्वतःच्या नावावर घ्यावी, सपोर्ट पण मिळेल.

श्रीलिपी. ह्याच्यावर माझा जीव आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे, आपल्याकडच्या लग्नपत्रिका, सत्काराची मानपत्रं, निवडणुकीची पत्रकं, सगळी त्याच अक्षरांत निघाली. त्याचं लायसन म्हणजे ते लॉक. ज्याच्या मशीनला लॉक लावलं त्याचं चालतं, म्हणजे तुमच्या पाचांतली ही एकच गोष्ट अशी आहे की जी हातात उचलून देता येते आणि दिली की तुमच्याकडची आपोआप बंद होते. डीटीपी बंद करणार असाल तर देऊन टाका, फक्त कंपनीकडं नोंद तुमच्या नावावर असणार, तेव्हा फोन करून नवीन माणसाचं नाव लावायला काय लागतं ते विचारा आणि मगच द्या.

पण थांबा. तुमचं तेरा वर्षांचं मॅटर त्या फाँटात आहे. जुने श्री-फाँट युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी उमटणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, लॉक गेल्यावर एखाद्या जुन्या मॅटरमध्ये काना-मात्रा दुरुस्त करायची म्हणली तरी अडाल. डीटीपी सोडलं तरी लोक तुम्हाला सोडत नाहीत, पुढच्या लग्नसराईत कुणीतरी येणार, दादा मागच्या वेळची आमच्या थोरल्याची पत्रिका होती तीच काढा, नाव तेवढं बदला. म्हणून लॉक द्यायच्या आधी एक रविवार काढा, लागणारं मॅटर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून घ्या आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्ट करताना तिथंच माती होते. आणि पोराला पण खरं सांगा, की सरकारी ऑनलाइन फॉर्मला युनिकोड लागतं, जुन्या फाँटातलं तिथं चिकटवलं की भलतीच अक्षरं उमटतात. त्या कामाला विंडोजमधलाच मराठी कीबोर्ड पुरतो, तो फुकट आहे. मुक्त, बलूसारखे 'एक टाइप' ह्या फाँट बनवणाऱ्यांचे देवनागरी फाँट पण फुकट आहेत आणि बॅनरवर छान दिसतात. हे कळल्यावर त्याला लॉक पाहिजेच असेल तर त्याचा भाव वेगळा लावा.

कोरलचं काय ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. सगळ्यांकडं असतं तसलं, बरोबर, पण आजपर्यंत ते तुमच्या टेबलावर होतं, आता तुम्ही त्याचे पैसे घेऊन दुसऱ्याला देणार, आणि ते पण नात्यातल्या पोराला. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमात, माहीत असून चोरीची प्रोग्रामची कॉपी कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरलेलं नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण त्याचं तर दुकानच आहे. शिवाय क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात ते काय उगीच नाही, त्याच मशीनवर तो लोकांचे आधार स्कॅन करणार आहे. काढून टाका. तसल्याच कामाचं फुकटचं इंकस्केप टाकून द्या, पहिले पंधरा दिवस शिव्या घालेल, मग हात बसेल.

आता जे तुम्ही पत्रात एका ओळीत पण लिहिलं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. त्या मशीनमध्ये तुमच्या व्यापाऱ्यांचे हिशेब आहेत. टॅली अनइन्स्टॉल केली तरी डेटाची आकडेवाली फोल्डरं जागेवर राहतात. क्रोममध्ये चार-दोन पार्ट्यांचे जीएसटीचे पासवर्ड सेव्ह असणार, डाउनलोडमध्ये पॅन आणि बँक स्टेटमेंट पडलेले असणार, एखाद्याचं डिजिटल सहीचं टोकन ड्रॉवरमध्ये असणार आणि तो ड्रॉवर टेबलासकट पोराकडं चाललाय का ते पण बघा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळून ठेवावे लागतात, म्हणजे हा डेटा तुम्हाला अजून पाहिजेय आणि पोराकडं अजिबात जाता कामा नये. माझा सल्ला, जुनी हार्डडिस्क काढूनच घ्या, कपाटात ठेवा, पोराच्या मशीनला नवीन एसएसडी (जलद चालणारी डिस्क) टाकून त्यावर विंडोज चढवा. डिस्क बदलली तरी बोर्ड तोच असला की खरं विंडोज नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्ह होतं, आणि मशीन पण पळायला लागतं, पोरगा खूश. एसएसडीचा खर्च भावात धरा. डिस्क द्यायचीच असेल तर रीसेटमध्ये सगळं काढा आणि ड्राइव्ह साफ करा हे दोन्ही पर्याय निवडा, रात्री लावून झोपा, तास लागतात. मग तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन यादीतून ते मशीन काढून टाका.

अशीच पत्रं अजून तीन-चार पडलीयत म्हणून इथंच सांगून टाकतो. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस असेल तर पहिल्यांदा ज्याच्या खात्यानं उघडलं त्याच्या खात्याला ते लागतं, विकताना ऑफिस आहे म्हणून जास्त पैसे घेऊ नका. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनो, अडोबी २०१३ पासून भाड्याच्या वळणावर गेलंय, फोटोशॉप तुमच्या खात्यावर दोनच मशीनवर साइन इन ठेवता येतं, विकायच्या आधी साइन आउट करा नाहीतर नवीन मशीनवर जागा मिळायची नाही. सिव्हिलवाल्यांनो, ऑटोडेस्कनं, म्हणजे ऑटोकॅडवाल्यांनी, कायमची लायसन विकणं २०१६ लाच बंद केलं, सबस्क्रिप्शनमध्ये विकण्यासारखं काही नसतंच. कॉलेजच्या ईमेलवर मिळालेलं तर तुमचं नव्हतंच, पास झाला की गेलं.

आता साडू. भाऊ, तुम्ही इसार घेतला तेव्हा काय विकताय ते तुम्हालाच माहीत नव्हतं, आणि काय घेतोय ते पोराला. ह्यात फसवणूक नाही झाली, अजून तरी. मशीन नेऊन लावल्यावर महिन्याभरानं एकेक बंद पडलं असतं तर ती झाली असती. आणि २६ मधले वरचे ९ हजार कशाचे होते ते आता तुम्हीच बघा: टॅली तुमच्याकडं राहणार, ऑफिसचे दिवस भरले, कोरलला किंमत नाही, राहिलं लॉक. मग मशीनचे १७, एसएसडीचे जे लागतील ते, लॉक त्याला पाहिजे असेल तर त्याचे तुम्ही ठरवाल ते, आणि तुम्ही त्याला दोन रविवार शेजारी बसवून काम शिकवायचं, त्याचे काही नाही, तुम्ही काका आहात. मला वाटतं त्याला खरं तर हेच पाहिजे होतं, पहिल्या दिवसापासून चालणारं दुकान, त्यालाच तो सगळं सॉफ्टवेअर म्हणत होता.

फोनवर सांगू नका. पोराला आणि साडूला दोघांना घरी बोलवा, मशीन चालू करून त्या खिडकीतली पाटी त्यांनाच वाचायला लावा, मग भाव बोला. नको म्हणाला तर ५ हजार तिथंच परत द्या, मशीन दुसरं कुणी पण नेईल. हो म्हणाला तर साध्या कागदावर पावती करा, मदरबोर्डाचा सीरियल नंबर, विंडोजचं लायसन कुठलं, लॉक दिलं का नाही, टॅली दिलेली नाही, हार्डडिस्क काढून घेतली, तारीख, दोघांच्या सह्या. नात्यात कशाला कागद असं वहिनी म्हणतील, म्हणू द्या.

आणि ते लॉक सीपीयूच्या मागच्या बाजूला असतं, मशीन रिक्षात चढवताना तिथंच राहून जातं. आज आठवणीनं काढा आणि खिशात ठेवा, मग भाव ठरू द्या.